पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी गाडी बदलली

माझे वडील, नाना, आयुष्याची पंधरा-सोळा वर्षं उलटे चालले. मोट हाकणाऱ्याला तसंच चालावं लागतं. भरलेली मोट वर येताना बैल धावेच्या उतारावरून खाली उतरतात, आणि रिकामी मोट विहिरीत सोडताना तेच बैल कासऱ्यानं मागे मागे चढवत न्यायचे असतात. बैलांबरोबर माणूसही मागे सरकतो. यावलकडच्या एका केळीच्या मळ्यात नाना पहाटेपासून दिवस कलेपर्यंत हे करत. मळा मालकाचा, विहीर मालकाची, बैलही मालकाचे. आमची फक्त नानांची टाच, ती उन्हाळ्यात भेगाळून तिच्यात बोट जाईल इतकी फाटे. माय त्यात मेण वितळवून भरायची. आम्ही चार भावंडं. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, यापलीकडे आमच्या ताटात काही आलेलं मला आठवत नाही. थंडीत दोन गोधड्यांत सहा माणसं झोपत. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. कुठून निघालो ते माहीत असल्याशिवाय कुठं पोचलो ते कळत नाही, म्हणून सांगतो.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मालकानं विहिरीवर ऑइल इंजिन घेतलं. ते बसवायला जळगावहून एक माणूस मोटारसायकलवर आला. धोतराचा काचा मारलेला, पायांत लष्करी बूट, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर चढवलेला जाड काचेचा गॉगल. त्यांना सगळे आबा म्हणत. मीही पुढं तेच म्हणू लागलो.

चैत्राचं ऊन होतं. मालकीणबाईंनी लगेच पाण्याचा तांब्या पुढं केला. आबांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"पहिले इंजिन पानी देई, मंग मी पिसू," ते म्हणाले.

सकाळी नऊला आलेला तो माणूस दुपारी तीनपर्यंत पाण्याच्या थेंबाशिवाय इंजिनाशी झटत राहिला. इंजिन सुरू झालं, पाटात पाण्याचा लोंढा आला, तेव्हा आबा पाटाच्या कडेला गुडघे टेकून बसले आणि ओंजळीनं प्यायले. तांब्या तसाच राहिला. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो. इतका तहानलेला माणूस इतक्या सावकाश पाणी पिताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी नानांची मोट कायमची थांबली. आता पाटाचे बारे धरण्याचं, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यात वळवण्याचं, काम त्यांच्याकडं राहिलं. संध्याकाळी आबांनी नानांना विचारलं, "हाऊ पोऱ्या काय करस?"

"शिकतो. मॅट्रिकले आहे."

"पुढे जळगावले कॉलेज शे. मनाकडे एक खोली रिकामी शे. ऱ्हाऊ द्या त्याले. भाडं नको. मनी कार्डं वाची दी, बस."

कार्डं म्हणजे पोस्टकार्डं. आबांना वाचता येत नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर मी त्यांच्या जळगावच्या शेडवरच्या खोलीत राहायला गेलो तेव्हा खाली लोखंडी खिळ्याला टोचलेली कार्डांची चवड होती. रावेर, फैजपूर, चोपडा, शिरपूर, पारोळा, कुठून कुठून. मजकूर बहुतेक एकच: इंजिन बंद पडले आहे, केळी वाळत आहे, लवकर यावे. मी रोज सकाळी ती वाचायचो. आबा समोर बसून माझ्या तोंडाकडं एकटक पाहत ऐकायचे. उत्तर ते कधीच लिहवून घेत नसत. "उत्तर काय लिखानं? मी जाई राहिनू ना," म्हणायचे, आणि गाडीला किक मारायचे.

त्यांची ती गाडी दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईतली होती. आबा स्वतः लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आफ्रिकेच्या वाळवंटात राहून आले होते. लढाई संपल्यावर लष्करानं जुनं सामान लिलावात काढलं, त्यात त्यांनी ही विलायती गाडी घेतली. वरून काळा रंग दिला होता, पण जिथं टवका उडेल तिथं खालचा लष्करी हिरवा दिसे. टाकीवरचं कंपनीचं इंग्रजी नाव त्यांच्या मांडीच्या घर्षणानं अर्धं पुसलं होतं. या गाडीवर त्यांनी अख्खा खानदेश पायाखाली घातला होता. आणि दर दिवाळीनंतर आठ-दहा दिवस ते कामाशिवाय कुठंतरी निघून जात. एकदा तापी जिथं उगम पावते त्या मुलताईहून निघून, नदीचा काठ जमेल तिथं धरत, ती समुद्राला मिळते तिथपर्यंत गेले. परत आल्यावर चहावाल्यानं विचारलं, "आबा, काय आहे हो तिथं?"

"पानी शे," आबा म्हणाले, आणि चहा प्यायला लागले.

हॉर्न त्यांनी काढून टाकला होता. म्हणायचे, हॉर्न वाजवणाऱ्याचा ब्रेकवर भरवसा नसतो. दर पोळ्याला गाडी धुऊन, हँडलला गोंडे आणि घुंगरं बांधून, बैलांच्या मिरवणुकीत मारुतीच्या पारापर्यंत ढकलत न्यायचे. चालू करून नाही, ढकलत. "आज तिले सुट्टी शे." मग घरी पुरणपोळीचा घास तिच्या टाकीवर ठेवायचे. लोक हसायचे. आबा हसणाऱ्यांनाही पुरणपोळी वाढायचे.

पण त्यांची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीची. बिघडलेल्या इंजिनाजवळ गेले की ते कोटाच्या खिशातून वीतभर लांबीची बाभळीची काडी काढत. तिचं एक टोक चालत्या इंजिनाच्या लोखंडाला टेकवत, दुसरं दातांत धरत आणि डोळे मिटून उभे राहत. मग काडी काढून सांगत, "मधली बेरिंग गयी," किंवा "व्हॉल बसत नही." आणि उघडल्यावर तेच निघे. काडीचं टोक दातांच्या खुणांनी चाळणी झालं होतं. कोणी म्हणे त्यांना मंत्र येतो, कोणी म्हणे काडीत काही आहे. रावेरच्या एका बागायतदारानं ती काडी विकत मागितल्याचं मी कानांनी ऐकलं आहे.

अशा माणसाच्या घरात राहून मी इंटरला इंग्रजीत नापास झालो.

बाकी विषय निघाले होते. इंग्रजीचं पुस्तक मी गाइडावरून पाठ केलं होतं आणि अवघड उतारे सरळ ऑप्शनला टाकले होते. पेपरात आले तेच. नाना निकालाचं ऐकून जळगावला आले, शेडच्या दारात उभे राहिले आणि आत न येताच म्हणाले, "ऑक्टोबरले बस अजून एकदा. नाई झालं तं घरी ये, पान्याचे बारे धर. लहान्यालेबी शिकवनं आहे मले." त्यांनी आवाज चढवला नव्हता. माझ्या पाठच्या भावाची शाळा माझ्यासाठी थांबली होती हे मला माहीत होतं, त्यांना सांगावं लागलं नाही.

नाना गेल्यावर आबा हातातला पाना पुसत म्हणाले, "कोठे अटकनं?"

"सगळंच अटकलं, आबा."

"बठ्ठं कधी अटकत नही. एकच जागा अटकस. बाकीनं तेना मांगे थांबी जास."

मला ते तेव्हा मिस्त्र्याचं बोलणं वाटलं.

मग पोळा आला. नेहमीसारखी गाडीला अंघोळ, गोंडे, घुंगरं, पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी घुंगरं सोडली आणि म्हणाले, "चाल. धुळ्याले जानं शे." मी मागं बसलो. एरंडोल, पारोळा करत धुळ्यात पोचलो. आग्रा रोडवरच्या एका गाड्यांच्या दुकानासमोर आबांनी गाडी उभी केली. आत नव्या गाड्यांची रांग होती. मद्रासला जोडलेल्या, दुसऱ्याच कंपनीच्या. दुकानदाराशी त्यांचं आधीच ठरलं होतं: जुनी द्यायची, नवी घ्यायची.

मला वाटलं चेष्टा चालली आहे. दुकानदारालाही तसंच वाटलं असावं. तो म्हणाला, "आबा, अजून विचार करा. ही गाडी म्हणजे तुमचा हात-पाय. मी काय, उद्या कुणालाही देईन."

"ज्याले देशी, त्याना कान तपासीसन दे," आबा म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो. आबा हसले नाहीत. त्यांनी जुनी गाडी चालू केली, खिशातली काडी काढली, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. रस्त्यावरून टांगे जात होते, ट्रक जात होते. आबा हलले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे, मग त्यांनी काडी काढली, गाडी बंद केली आणि नव्या गाडीवर जाऊन बसले. मागं वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. टाकीवर पुरणाचा एक पिवळा डाग राहिला होता.

जळगावात गवगवा झाला. चहावाला तोंडावर म्हणाला, "आबा, कालची पुरणपोळी जिरली नाही अन् आज बैल विकला?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल विकणाऱ्या माणसाला आमच्याकडं कसाई समजतात. दुसरा म्हणाला, "म्हातारपणी नवी नवरी लागते काही जणांना." आबांनी कुणाला उत्तर दिलं नाही. मीही वाटेत येताना दोन-तीनदा "का?" म्हणून विचारलं होतं. तेव्हाही उत्तर मिळालं नव्हतं. मला वाटलं, रागावलेत.

नव्या गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. गाडी कशी चालवायची, कशी ठेवायची, कशी उघडायची. आबांनी ते माझ्या हातात दिलं. "जुनीनं पुस्तक मनाजोडे नव्हतं. ती बठ्ठी माले पाठ व्हती. हाई नवी माले माहीत नही. रोज वाच. जोरमा वाच."

मी रोज संध्याकाळी वाचू लागलो. आबा समोर माझ्या तोंडाकडं बघत. सारखं "जोरमा, जोरमा" म्हणत. मी ओरडून इंग्रजी वाचायचो, समोरचा पिंजारी काम थांबवून बघायचा. वाचून झालं की मी चार वाक्यांत सारांश सांगायचो. जे कळलं नाही ते पान उलटताना गाळायचो. परीक्षेची सवय. वर्षानुवर्षं हेच करत आलो होतो आणि मास्तरांना कधी कळलं नव्हतं. आबांना कुठून कळणार?

भाद्रपदात पावसानं ओढ दिली. शिरपूरकडून कार्ड आलं, इंजिन बंद आहे, केळी माना टाकते आहे. आबांनी मला बरोबर घेतलं. एरंडोलच्या पुढं पाच-सहा मैल गेलो असू. मला मागं बसल्या बसल्या इंजिनातून कण्हल्यासारखा आवाज येत होता. नव्या गाडीचा आवाज असाच असेल, असं समजून मी गप्प बसलो. आबा तर इंजिनावरच बसले होते. त्यांना समजलं नसेल का? तेवढ्यात त्यांनी मांड्या एकदम आवळल्या, क्लच दाबला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली जाऊन थांबली. किक खाली जाईना. पिस्टन तापून आत घट्ट धरला होता.

"आबा, मघापासून आवाज येत होता," मी म्हणालो.

ते गाडीकडं पाहत होते, माझ्याकडं नाही. मी पुन्हा म्हणालो. मग आणखी मोठ्यानं. ते वळले नाहीत. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं आणि माझं तोंड बघून त्यांना कळलं, की मला कळलं.

आबांचा डावा कान लढाईतच गेला होता. उजवा गेली तीन-चार वर्षं जात होता. आता जवळजवळ काहीच राहिलं नव्हतं. लोक ज्याला मंत्र म्हणत होते ती काडी म्हणजे त्यांचा कान होता. दातांतून लोखंडाची थरथर थेट डोक्यात जाते, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. एका जागी उभ्या इंजिनाला काडी लावता येते. पळत्या गाडीला कशी लावणार?

"जुनीना आवाज माले पाठ व्हता," ते म्हणाले. "ती खोकली तरी माले समजे. आते ती बोलस अन् मी नुसता बसेल ऱ्हास. एक दिन मनाच हातमा मरती ती. म्हनीसन दिधी." मग नव्या गाडीच्या टाकीवर हात ठेवून म्हणाले, "हाईना आवाज मी कधी आयकाच नही. मंग माले काय गमावनं शे? हाई मी हातखाल शिकसू."

जिच्यावर जीव होता ती त्यांनी सोडली, कारण तिचं दुखणं त्यांना ऐकू येणार नव्हतं. आणि पन्नाशी उलटल्यावर, अक्षरओळख नसताना, एका अनोळखी यंत्राचं पहिलं अक्षर गिरवायला बसले. तेही कुणाच्या भरवशावर? माझ्या!

आबांनी मान हलवून विचारलं, "कोठे अटकनं? गाडीमा नही. पुस्तकमा."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. तेलाच्या प्रकरणातला एक मोठा परिच्छेद मी गाळला होता. लांबलचक शब्द होते, म्हणून. मी तसं कबूल केलं. मला वाटलं आता कानफटात बसेल. आबा खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वाच. पयलेपासून. काहीच सोडू नको."

मी वाचायला लागलो, ओरडून. रस्त्यावरची माणसं थांबली. रानातून परतणारी एक म्हातारी डोक्यावरचा भारा उतरवून, पदर सावरून, हात जोडून आमच्यासमोर बसली. मी थांबलो तशी म्हणाली, "भाऊ, कोनता अध्याय शे?"

"तेलाचा, अक्का," मी म्हणालो.

"मंग अर्थ बी सांग ना. आमनाकडे नुसती पोथी वाचतस नही. एक वाचस, एक अर्थ सांगस."

आबांनी तिचे ओठ वाचले होते. ते खूश होऊन म्हणाले, "आयक. अक्का सांगी राहिनी."

मग तसंच केलं. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, अर्थ सांगायचा. आबा प्रत्येक वाक्याला अडवत. कोणी फिरवायचं? कोणत्या बाजूला? कुठवर? का? माझा अर्थ पोकळ असला की त्यांचा हात हवेतच थांबे, आणि तो थांबला की मला कळे, मला वाक्य समजलेलंच नाही. मग मी परत वाचायचो. अर्थ नीट लागला की हात पुढं सरके आणि लोखंडाला बरोबर ती वस्तू सापडे. तो गाळलेला परिच्छेद असा होता: नव्या इंजिनाच्या तळाशी आणखी एक बारीक जाळी असते, पहिले काही मैल झाले की ती काढून धुवावी, कारण नव्या लोखंडाचा कीस तिच्यात साचून तेलाची वाट बंद होते. आबांनी तेल वेळेवर बदललं होतं. ही लपलेली जाळी त्यांना कोण सांगणार होतं? सांगायचं काम माझं होतं.

जाळी निघाली ती चिकट कीस भरून काळी झालेली. तोवर इंजिन गार होऊन पिस्टन मोकळा झाला होता. अक्कानं मघाशीच जवळच्या विहिरीवरून पाणी आणवलं होतं. आबांनी तांब्याला हात लावला नाही. "पहिले इंजिन." मीही लावला नाही. जाळी पेट्रोलनं धुतली, बसवली, पिशवीतलं तेल भरलं. किक मारल्यावर गाडी सुरू झाली. आबांनी काडी दातांत धरून डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं मान डोलावली. मग तांब्या उचलला, निम्मा प्यायले, निम्मा मला दिला. म्हातारीनं जाताना गाडीला नमस्कार केला. शिरपूरकडच्या त्या मळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चालू झालं.

त्यांच्या कानांचं मी कुणाला सांगितलं नाही. कार्डं येत राहिली. आबा जात राहिले. माणसं काडीला हात जोडत राहिली. खरं कळलं असतं तर त्यांना बोलावणं बंद झालं असतं, आणि खरं कळलं असतं तर लोकांनी काडीला नाही, त्या माणसाला हात जोडले असते. दोन्ही खरं आहे.

पुढच्या तीन आठवड्यांत मी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा आबांना अर्थासह सांगितलं. त्यानंतर कॉलेजचं इंग्रजीचं पुस्तक काढलं. तेही तसंच वाचलं, मोठ्यानं, आबांसमोर. त्यात कुणी विलायती माणूस आपल्या बागेतल्या गुलाबांबद्दल लिहीत होता. आबा विचारायचे, "पानी कोन देस त्याना गुलाबले?" मला ते पुस्तकात शोधावं लागे. नव्हतंच ते तिथं. पण शोधताना सगळा धडा वाचून व्हायचा.

ऑक्टोबरच्या पेपरात एक अवघड उतारा आला. वर्गातली बरीच मुलं तो सोडून पुढं गेली. मी पहिलं वाक्य घेतलं, मनातल्या मनात ओरडून वाचलं, आबांचा हात डोळ्यांसमोर आणला आणि तो पुढं सरकेपर्यंत थांबलो. मग दुसरं वाक्य. शिपाई पाणी घेऊन दोनदा बाकाजवळ आला. शेवटचं उत्तर लिहून झाल्यावर मी त्याला हाक मारली आणि पाणी प्यायलो.

मी इंग्रजीत पास झालो. दोन वर्षांनी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझा धाकटा भाऊ दुसरा.